मागे दिसतंय ते घर कुणाचं?

माझ्या कॅमेऱ्यासमोर दोन तऱ्हेची मुलं येतात. एका मुलाच्या आईवडिलांनी मला फोटोंसाठी पैसे दिलेले असतात. ते ठाण्याहून, कल्याणहून किंवा डोंबिवलीहून भल्या पहाटे अर्धवट झोपेत गाडीत बसून आलेलं असतं आणि त्याच्या अंगात नवाकोरा, टोचणारा झब्बा असतो. दुसरं मूल तिथलंच. गाडी थांबली की ते कुठून तरी धावत येतं, बांधावर उभं राहतं आणि आम्ही निघेपर्यंत हलत नाही. पहिल्याला मी म्हणते, 'इकडे बघ.' दुसऱ्याला म्हणते, 'बाळा, जरा बाजूला हो.' दोघांपैकी कुणालाच मी काही विचारलेलं नसतं. हा विचार अलीकडे माझी पाठ सोडत नाही. तो शेवटपर्यंत करून पाहावा, म्हणून लिहायला बसले आहे.

मी कुटुंबांचे आणि लहान मुलांचे फोटो काढते. स्टुडिओत कमी, उघड्यावर जास्त. टिटवाळ्याजवळचा काळू नदीचा काठ, बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता, मुरबाडच्या अलीकडची भातखाचरं, आसनगाव-शहापूरच्या आसपासचे माळ ही आमची लोकेशन्स. पाऊस ओसरला की आमचा हंगाम सुरू होतो. दसऱ्याच्या सुमाराला भात पिवळं पडतं, दिवाळीपर्यंत माळावरचं गवत सोनेरी होतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्याआधी पाऊण तास तिरपा, मऊ उजेड मिळतो. त्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे चांगले दिसतात. आमच्या धंद्यातली सगळी माणसं त्या पाऊण तासावर जगतात.

या कामाच्या बाजूने जे म्हणायचं ते आधी म्हणते, कारण ते मला मनापासून वाटतं. डोंबिवलीतला बाप सकाळची फास्ट लोकल पकडतो आणि परततो तेव्हा मूल बहुधा झोपलेलं असतं. इमारतीच्या आवारात खेळायला जागा नसते, तिथे गाड्या उभ्या असतात. शूटच्या दिवशी हाच बाप मुलाला खांद्यावर घेऊन बांधावरून चालतो. मूल चिखलात पाय घालतं, आई आधी ओरडते, मग स्वतःही चपला काढून उतरते. त्या अर्ध्या तासात त्या तिघांमध्ये जे घडतं ते माझ्यामुळे घडलेलं नसतं, पण मी तिथे नेलं म्हणून घडलेलं असतं. एकदा एका कुटुंबाबरोबर आजी आल्या होत्या, मूळच्या संगमेश्वरकडच्या. आम्ही रिफ्लेक्टर उभा करतोय तोवर त्या सरळ शेतात उतरल्या, लोंबीतला एक दाणा दाताखाली फोडला आणि शेताच्या मालकिणीला म्हणाल्या, 'गरवं काय गो हे?' पुढे कितीतरी वेळ दोघी भातावरच बोलत होत्या. आजीला हे सगळं येतं, याचा नातवाला धक्काच बसला. आयुष्यभर तिला त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातच पाहिलं होतं. त्या दिवशीचा माझा सगळ्यात चांगला फोटो त्या नातवाच्या चेहऱ्याचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या मागे कुठेतरी एक गाव असतं आणि दोन पिढ्यांत ते विसरलं जातं. फोटोच्या निमित्ताने का होईना, मूल मातीत उभं राहतं, याचं मोल मी कमी मानत नाही.

मग खटकतं काय? सुरुवात हसण्यापासून करते.

लहान मूल कॅमेऱ्यासमोर सहजासहजी हसत नाही. लेन्सच्या वर मोबाइल धरून कार्टून लावावं लागतं, असिस्टंटला माकडउड्या माराव्या लागतात, साबणाचे फुगे उडवावे लागतात, खिशात चॉकलेट ठेवावं लागतं. 'कँडिड' म्हणून ज्या फोटोचं कौतुक होतं त्याच्यामागे एवढी खटपट असते. यात मला काही गैर वाटत नाही. घास भरवताना आईसुद्धा काऊ-चिऊ दाखवते. माझी शंका मूल 'नको' म्हणतं तिथे सुरू होते, आणि मूल ते फार स्पष्ट म्हणतं. दीड-दोन वर्षांचं मूल जागच्या जागी बसकण मारतं किंवा आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. चार वर्षांचं 'शू आली' म्हणतं, नसली तरी. सात-आठ वर्षांचं मूल मात्र खोटं हसतं. मला ते सगळ्यात जास्त लागतं. हसल्याशिवाय आपली सुटका नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं, आणि पुढे आयुष्यभर कामाला येईल असं काहीतरी ते माझ्यासमोर शिकत असतं. वडील म्हणतात, 'एवढे पैसे भरलेत रे, एक स्माइल दे ना.' त्या वडिलांचा राग करावा असं मला कधी वाटलं नाही. ते खरोखरच महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून आलेले असतात. पण त्या वाक्यानंतर मुलाच्या डोळ्यांत जे उतरतं ते टिपायला माझं बोट तयार होत नाही.

इथे मला स्वतःला विचारावं लागतं की मी नक्की कुणासाठी काम करते. पैसे आईवडील देतात, फोटो आजीआजोबांना हवा असतो, माझ्या पेजवर टाकायला मला हवा असतो. ज्याचा चेहरा सगळ्यांना हवा आहे, त्याला मात्र त्या वेळी एखादा बेडूक किंवा एक काठी हवी असते. मी हल्ली बुकिंगच्या वेळीच पालकांना सांगते की मूल नको म्हणालं तर आपण थांबू, जेवढं मिळालं तेवढं घेऊन परत येऊ. काही जण हे ऐकून दुसरीकडे जातात. ते मला परवडतं का? प्रत्येक वेळी नाही. हंगामातल्या रविवारी, दोन कुटुंबं मागेपुढे घेतलेली असताना, उजेड उतरायला लागला की माझ्या आवाजात घाई येते आणि ती मुलांना ऐकू जाते, हे मला ठाऊक आहे.

कपड्यांचाही एक प्रश्न आहे. आषाढात मुलांना विठ्ठल-रखुमाई करतात, ते मला आवडतं. ते घरातल्या भक्तीतून आलेलं असतं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फडके रोडवर नऊवारी नेसलेल्या मुलींचे फोटो मी आनंदाने काढते. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने ही यात्रा सुरू केली आणि मग ती महाराष्ट्रभर गेली, याचा मला डोंबिवलीकर म्हणून अभिमान आहे. पण शेतात जाऊन 'शेतकरी थीम' करायची, मुलाच्या डोक्याला मुंडासं, हातात पत्र्याचा विळा, आणि वीस पावलांवर खरा विळा हातात घेतलेला माणूस भात कापतोय, तेव्हा मला त्या माणसाकडे बघवत नाही. खरं तर तो हसत असतो. एकदा एका काकांनी जवळ येऊन मुलाच्या हातातला विळा नीट धरायला शिकवला, मूठ कशी आवळायची ते दाखवलं. त्यांना त्यात अपमान वाटला नाही, बहुधा मलाच वाटला. 'आदिवासी थीम' म्हणून मुलांच्या तोंडावर रंगाचे ठिपके काढून पानं गुंडाळतात, त्याला मात्र मी नाही म्हणते. वारली, कातकरी, ठाकूर ही या जिल्ह्यात राहणारी माणसं आहेत. एखाद्याचं जगणं दुसऱ्याने तासाभरासाठी अंगावर चढवायचं, यात त्या लहान मुलाची काही चूक नाही. पण मोठ्यांनी विचार करायला हवा.

आपल्याकडे फोटोची कला आली तेव्हापासून हा मागच्या दृश्याचा खेळ चालू आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. त्याच वर्षी रेल्वे ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत आली. थोड्याच वर्षांत विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, पहिला १८६३ मध्ये आणि दुसरा १८६६ मध्ये. त्यात माणसं एकीकडे टिपलेली आहेत आणि त्यांच्या मागे दुसऱ्याच जागेचं दृश्य जोडलेलं आहे. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत रंगवलेले पडदे आले. त्यांवर बाग असायची, जिना असायचा, कधी चंद्र. आपल्या पणजी-पणजोबांचे ताठ बसलेले फोटो अशा पडद्यांपुढचे आहेत.

मी खऱ्या माळावर जाते म्हणजे माझं मागचं दृश्य खरं, असं मी मानत आले. पण मी करते काय, ते एकदा स्वतःलाच सांगून बघितलं. विजेचा खांब येणार नाही असा कोन निवडते. निळी ताडपत्री, पाण्याचे प्लॅस्टिकचे ड्रम, बांधावर वाळत घातलेले कपडे, मोटरसायकल, बांधावरचं ते मूल, हे सगळं चौकटीबाहेर काढते. लेन्स पूर्ण उघडते, म्हणजे मागचं सगळं धूसर होतं. एवढं करून काही उरलंच तर घरी आल्यावर कॉम्प्युटरवर पुसते. अल्बममध्ये पोचतं ते गवत, झाड आणि उजेड. तिथे कुणी राहतं याची खूण उरत नाही. म्हणजे पडदाच झाला, फक्त तो रंगवायला मी शहापूरपर्यंत गेले.

आणि त्या पडद्यामागे काय आहे हे मला माहीत नाही असंही नाही. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बारवीचं पाणी डोंबिवलीच्या कारखान्यांना मिळतं, आमच्या बाजूच्या शहरांनाही मिळतं. त्या जलाशयापुढे उभं राहून मी कितीतरी बाळांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढले आहेत. धरणाची उंची वाढवल्यावर ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली त्या माणसांचा विचार फोटो काढताना माझ्या मनात येत नाही. पाणी फार सुंदर दिसतं, हे खरं आहे. त्यात ढग दिसतात.

सगळ्यात अवघड गोष्ट बंद घरांची आहे. आमचा हंगाम दिवाळीनंतर भरात येतो. त्याच सुमाराला या भागातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. पावसाळ्यात हाताला काम नसताना भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची असते. भिवंडीकडे, कल्याणकडे, रायगडात, जिथे भट्टी असेल तिथे नवरा-बायको-मुलं सगळीच जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कातकऱ्यांची गणना केंद्र सरकारने विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांमध्ये केलेली आहे. महाराष्ट्रात असे तीनच समाज आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. भट्टीवर त्यांचं घर म्हणजे भोंगा, विटा रचून आणि वर पेंढा टाकून केलेला आडोसा. मुलांची शाळा बुडते म्हणून विधायक संसद या संस्थेने या भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या होत्या. इकडे पाड्यावरची घरं बंद असतात. कुडाच्या भिंती, सारवलेला ओटा, दाराला आडवी लावलेली काठी. फोटोग्राफर एकमेकांना या जागा सांगतात. 'शांत जागा आहे, कुणी त्रास द्यायला येत नाही.' त्या ओट्यावर शहरातलं मूल बसवलं, बाजूला मातीचं मडकं ठेवलं की फोटो अप्रतिम येतो.

त्या ओट्यावर ज्याने खेळायचं ते मूल त्या वेळी कुठल्या तरी भट्टीवर असतं. कदाचित आमच्या घरापासून फार लांबही नसेल. आता नवे टॉवर सिमेंटच्या ब्लॉकचे होतात, पण कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या चार मजली इमारती विटांच्या आहेत, आणि मी राहते ती त्यांतलीच एक. म्हणजे माझं घर त्यांच्या हातच्या विटांचं, आणि माझ्या फोटोला त्यांच्या रिकाम्या घराची भिंत. हे दोन्ही एकत्र दिसल्यावर मला तिथे तिपाई लावता येईना. बंद दारापुढे मी आता शूट करत नाही. कुडाच्या त्या भिंतीवर संध्याकाळचा उजेड पडला की मला ती आजही तितकीच सुंदर दिसते. सौंदर्य दिसणं थांबवता येत नाही, आणि थांबवावं असं मला वाटतही नाही. मात्र ज्या घरातल्या माणसाला 'इथे बसू का?' असं विचारता येत नाही, त्याच्या ओट्यावर बसायचं नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

जिथे माणसं असतात तिथे तरी मी नीट विचारते का? 'मावशी, जरा सूप घेऊन इथे बसता का? बाळाला पाखडून दाखवा ना.' हे वाक्य मी किती सहज बोलते. मावशींच्या खळ्यावर झोडणी चालू असते, पेंढ्याचे भारे बांधायचे असतात, ढग आले तर सगळं भिजेल ही धास्ती असते. तरी त्या येऊन बसतात. बाळाला मांडीवर घेतात, आम्हाला पाणी देतात, वेलीवरची काकडी तोडून देतात. त्या नाही म्हणत नाहीत, कारण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं असंच त्यांना वळण आहे. त्यांचा हा सुसंस्कृतपणा मी होकार म्हणून वापरते. यातून वाट कशी काढावी हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. पैसे आधी ठरवले तर त्यांना अवघडल्यासारखं होतं, नंतर दिले तर बक्षिशी दिल्यासारखं वाटतं.

जानेवारी १९४५ मध्ये, आम्ही ज्या टिटवाळ्याला फोटो काढायला जातो तिथेच महाराष्ट्राच्या किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी जमीनदारांची वेठ करायला नकार दिला. त्यांना उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे आणि त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या क्रूर व्यवस्थेची आणि माझ्या अर्ध्या तासाच्या विनंतीची तुलना करणं त्या माणसांवर अन्याय होईल, हे मी जाणते. पण बाहेरून आलेल्या, चांगल्या कपड्यातल्या माणसाने काही सांगितलं की हातातलं काम टाकून ते करायचं, ही सवय त्या मातीत कुठून आली, याचा विचार मी टाळू शकत नाही. त्या सवयीचा मला फायदा होतो.

या जागाही आता फार दिवस राहणार नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो शहापूरमधूनच जातो. रस्त्यालगतची शेतं विकली जात आहेत, तिथे फार्महाऊस होत आहेत. काही ठिकाणी तर शूटसाठीच बैलगाडी, विहीर आणि झोपडी उभी करून ठेवलेली असते आणि जागा तासावर मिळते. तिथे कुणाला काही विचारावं लागत नाही, पावती मिळते, सगळं सोपं. तिथे गेल्यावर माझं मन शांत असतं आणि फोटो मेलेले येतात.

आता बांधावरच्या मुलाकडे वळते. 'फोटू काढ ना, बाय. माझा पन काढ.' हे म्हणायला ती मुलं लाजत नाहीत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर स्वतःला बघून एकमेकांची नावं घेऊन ओरडतात. त्यांचे फोटो काढणं मोहाचं आहे, कारण ते स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवतात. मोठे डोळे, फाटका सदरा, नाकातून आलेला शेंबूड, आणि फोटो कृष्णधवल. या फोटोंविषयी मला जे वाटतं ते एकाच गोष्टीत सांगता येतं. शहरातल्या मुलाचा फोटो काढण्याआधी आम्ही त्याचं नाक पुसतो. पाड्यावरच्या मुलाचं मुद्दाम पुसत नाही. दोन्ही मुलं एकाच वयाची आणि एकाच उजेडात उभी असतात. हा फरक एकदा लक्षात आल्यावर मला त्या स्पर्धांची प्रदर्शनं बघवेनात.

मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग या अमेरिकन बाईने कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा मुलांसह फोटो काढला. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या फोटोंपैकी तो एक. लँगने तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये ती स्त्री, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, पुढे आली आणि त्या फोटोने आपल्याला काही दिलं नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं म्हणाली. त्या फोटोने मजुरांच्या हलाखीकडे देशाचं लक्ष गेलं, हेही तितकंच खरं. लँगला मी वाईट म्हणू शकत नाही. तिच्याकडे निदान कारण होतं. माझ्याकडे तसं कारण नसतं, म्हणून मला तरी नाव विचारलं पाहिजे. हल्ली मी पिशवीत छोटा प्रिंटर नेते. मूल स्वतःहून म्हणालं तर त्याचं नाक पुसून, केस नीट करून फोटो काढते, तिथेच छापून त्याच्या आईच्या हातात देते. माझ्याकडची प्रत मी कुठे लावत नाही. एका आईने तो फोटो रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. इतर महत्त्वाचे कागद तिथेच होते.

शहरातल्या मुलांचा प्रश्न काळाबरोबर मोठा होत जातो, हे मला एका फोनने शिकवलं. मी काम सुरू केलं तेव्हा साडेतीन वर्षांची असलेली एक मुलगी, शेतातल्या मोटरच्या पाण्याखाली नुसत्या चड्डीवर नाचतानाचा तिचा फोटो. आनंदाचा असा फोटो माझ्याकडून पुन्हा निघालेला नाही. तो त्यांच्या हॉलमध्ये लागला होता, माझ्या पेजवरही होता. ती आता कॉलेजात आहे. तिने फोन करून अतिशय नम्रपणे सांगितलं, 'ताई, तो फोटो काढून टाका. माझ्या वर्गातल्या मुलांनी शोधून काढलाय.' तिच्या आईला मात्र तो काढायला नको होता. 'किती गोड आहेस त्यात,' असं ती म्हणत राहिली. आईचं प्रेम खरं होतं आणि मुलीचा संकोचही खरा होता.

भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. मुलाला स्वतःविषयीच्या गोष्टींत मत मांडण्याचा आणि खासगीपणाचा हक्क त्यात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी पालकांची संमती मागितली आहे. माझ्याकडे या मुलीच्या वडिलांची सही होती. पण सही करणाऱ्याचा चेहरा त्या फोटोत नाही, आणि चेहरा जिचा आहे तिला आज स्वतःचं मत आहे. मी फोटो उतरवला. लहान मुलांच्या उघड्या अंगाचे बाकीचे फोटोही उतरवले, न सांगता. एखादा चेहरा उचलून त्याचं काहीही करता येतं असे दिवस आलेत, त्यामुळे ते करायलाच हवं होतं. पण माझ्या मनात प्रश्न त्याहून जुना आहे. तो आनंद तिचा होता, आणि मी तो माझ्या कामाची जाहिरात म्हणून लावला होता. आता मुलं मोठी झाली की मी त्यांनाच विचारते. काहींना आपले फोटो फार आवडतात. काही जण नको म्हणतात, तेव्हा माझे चांगले फोटो जातात आणि मला त्याचं दुःख होतं. ते दुःख माझ्यापाशीच राहावं, त्यांच्यापर्यंत पोचू नये, एवढं मी बघते.

पैशांचं मी असं केलं आहे की माझ्या कोटेशनमध्ये जागेच्या आणि तिथल्या माणसांच्या मोबदल्याची वेगळी ओळ घालते. एका आईने विचारलं की हे पैसे खरंच त्यांना मिळतात का. तो प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तुम्हीच द्या त्यांच्या हातात. तेव्हापासून ते काम मी कुटुंबांवरच सोडलं आहे. त्यामुळे निदान एक गोष्ट होते, शूटच्या आधी दोन्ही घरांची माणसं समोरासमोर येतात, एकमेकांच्या मुलांची नावं विचारतात. गेल्या हंगामात मुरबाडकडे एका मावशींनी पैसे घेतले, पदराला बांधले आणि म्हणाल्या, 'मंग मी पन येते की फोटूत.' आम्ही त्यांना आहे त्या कपड्यात, खळ्यावर, भाताच्या धुळीत उभं करणार होतो. त्यांनी साफ नकार दिला. आत गेल्या, तोंड धुतलं, चांगलं पातळ नेसल्या, केसांना तेल लावलं, सुनेला हाक मारून तिलाही तयार व्हायला लावलं, मोटरसायकल दाराशी आणून ठेवायला लावली, कारण ती लेकाने नवीन घेतली होती. शहरातलं मूल तोवर कोंबडीच्या पिल्लांमागे धावत होतं आणि कुणी त्याला हस म्हणत नव्हतं. सगळे उभे राहिले तेव्हा उजेड गेला होता. मी फ्लॅश लावला. मोटरसायकलही फोटोत घेतली. प्रती दोन काढल्या, एक ठाण्याला गेली, एक मी मुरबाडला पोचवून आले.